ताजा बर्फ पडल्यावर उतारावर पाय टाकण्याआधी

गेल्या जानेवारीत पुतण्यानं उत्तराखंडातून व्हिडिओ पाठवला. गुडघाभर बर्फ, सात पोरं, सगळी हसतायत, एक जण मुद्दाम उड्या मारतोय. "तात्या, बघा, सगळा काल रात्रीत पडला!" घरच्यांनी तो व्हिडिओ दोनदा बघितला. मी पाच वेळा बघितला, कारण उडी मारणाऱ्याच्या बुटापासून डावीकडं एक रेघ पळत गेलेली मला दिसली. काच तडकते तशी, दहा-बारा फूट. पोरांचं तिकडं लक्षच नव्हतं.

लगेच फोन लावला. रेंज येत-जात होती, म्हणून दोनच वाक्यं बोललो. आलात त्याच पावलांवरून मागं फिरा, एकेकानं. आणि दाट झाडीत जाऊन बसा. पोरं फिरली. फुगली, पण फिरली.

मी सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचा. आमच्या गावात घरटी फौजी, त्यामुळं पारावर बर्फाच्या गोष्टी मुबलक. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली, त्यातले पाच हिवाळे उत्तर काश्मीर आणि लडाखमध्ये. आता ऊस बघतो. आमची पोरं पावसात वासोटा करतात, जरंड्यावर पळत चढतात, आणि मग डिसेंबर आला की निजामुद्दीनची गाडी पकडून हिमालयात जातात. कातळावर ती हात-पाय जपून ठेवतात, कारण कातळ टणक दिसतो. बर्फ मऊ दिसतो, तिथंच फसतात. फोनवर दोन वाक्यांत जे मावलं नाही ते इथं लिहितोय.

आधी बर्फ सुटतो कसा, म्हणजे हिमस्खलन होतं कसं, ते समजून घ्या. जुन्या मातीच्या घराला दर दिवाळीला चुना देतात. खालचा थर न खरवडता वरच्यावर हात मारत गेलं की काही वर्षांनी बोट लावल्याबरोबर हातभर पोपडा सुटतो. वरचा चुना चांगलाच असतो. खाली पीठ झालेला थर त्याला धरत नाही. डोंगरावरचा बर्फही असाच थराथरानं बसतो. वरचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणजे एक सलग स्लॅब तयार होतो. त्याच्या पोटात कुठंतरी एखादा कच्चा थर असतो. त्या थरावर तुमचं वजन पोचलं की तो बसतो, तडा क्षणात लांबवर धावतो, आणि अख्खा पोपडा सुटतो. जीव गेलेल्या दहातल्या नऊ प्रकरणांत तो पोपडा त्याच टोळीतल्या कुणीतरी सोडवलेला असतो. डोंगर आपणहून अंगावर आला असं फार कमी वेळा घडतं.

कच्चे थर कसे होतात, त्यातले दोन आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला सहज समजतील. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत एखाद्या पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपावर दव गोठतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आकाश निरभ्र, वारा बंद, हवेत ओल, असं जमलं की ते होतं. उंच डोंगरात अशाच रात्री बर्फाच्या पाठीवर पिसासारखे चकाकते स्फटिक उभे राहतात. दिसायला फार सुंदर. सकाळच्या उन्हानं किंवा वाऱ्यानं ते मोडले तर काळजी नाही. पण ते मोडायच्या आधीच वर नवा बर्फ पडला, तर ते तसेच उभ्या-उभ्या गाडले जातात आणि पुढं कितीतरी आठवडे पत्त्यांच्या बंगल्यासारखे आत राहतात.

दुसरा प्रकार साखरेचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडाच असतो, समजा तीन फूट. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर हवा उणे वीस. इतक्या कमी जाडीत इतका फरक पडला की आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि बर्फाचे दाणे सुटे, कोनेदार, खरबरीत होतात. दर 10 सेंटीमीटरला एक अंश किंवा त्याहून जास्त फरक असेल तर हे काम चालू आहे असं धरायचं. मुठीत घेऊन दाबा. कारखान्याच्या साखरेसारखा बोटांतून गळतो, गोळा होत नाही. कोरड्या, कडक थंडीच्या भागात बर्फाच्या तळाशी असा थर नेहमी सापडतो. वरून सहा फूट घट्ट बर्फ बसला तरी पाया साखरेचाच. तिसरा प्रकार सोपा आहे: उन्हानं वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा कवच-थर, त्यावर नवा बर्फ टेकतो पण चिकटत नाही.

वरून हे तिन्ही सारखेच पांढरे दिसतात. म्हणून पहिला प्रश्न बर्फाला विचारायचा नाही, मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या हवामानाला विचारायचा. गावातल्या घोडेवाल्याला, चहावाल्याला विचारा: पहिला बर्फ कधी पडला? मधे किती दिवस कडक ऊन होतं? शेवटचा वारा कुठून सुटला होता? पोरांना हे विचारायला लाज वाटते. जीपीएस घड्याळ घातलेला माणूस खेचरवाल्याला काय विचारणार, असं असतं. विचारा गड्यांनो, तो तिथं चाळीस हिवाळे राहिलाय.

त्याबरोबर सरकारी इशारा बघायचा. मनालीत 1969 साली सुरू झालेली बर्फाचा अभ्यास करणारी संस्था आम्ही फौजेत 'सासे' म्हणून ओळखायचो. 2020 साली ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मिळवून डीजीआरई झाली, मुख्यालय चंडीगडला. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी ते हिमस्खलनाचे इशारे देतात. अमुक जिल्हा, अमुक उंचीच्या वर, असं लिहिलेलं असतं. जगभर धोक्याच्या पाच पायऱ्या धरतात. चौथी-पाचवी ऐकली की माणूस घरीच बसतो. युरोपातला अनुभव असा की सगळ्यात जास्त जीव तिसऱ्या पायरीवर जातात. तीन म्हणजे पाचातलं मधलं, म्हणजे बरंच बरं, असं आपलं गणित. ते चुकीचं आहे. तिसऱ्या पायरीला उतार एका माणसाच्या वजनानंही सुटू शकतो. आणि इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या उताराचा नसतो.

आता मोजणं. मुक्कामाला पोचल्यावर तंबूपासून जरा लांब, उघड्या सपाट जागी एक फळी ठेवा आणि शेजारी खुणा केलेली काठी रोवा. रात्रीत फळीवर किती साठला ते सकाळी वाचा. चोवीस तासांत 30 सेंटीमीटर म्हणजे फूटभर पडला तर मोकळ्या तीव्र उतारावर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही जायचं नाही. किती पडला याइतकंच किती वेगानं पडला हेही महत्त्वाचं. तासाला इंचभर वेगानं चार-पाच तास पडत राहिला तर खालच्या थराला तो बोजा पेलायला सवड मिळत नाही. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आला, तेव्हाही महिन्याचा पाऊस किती यापेक्षा त्या दोन दिवसांत किती ओतला, हाच प्रश्न होता.

बोजा म्हणजे किती, तेही एकदा मनात बसू द्या. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आतबाहेर असतो. फूटभर पडला की चौरस मीटरवर तीस किलो. पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद एवढाच तुकडा धरला तरी 75 टन झाले. दोन ट्रॉल्यांचे चार-पाच ट्रॅक्टर भरून ऊस. तो एका रात्रीत त्या कच्च्या थरावर कुणीतरी आणून ठेवलाय.

पडण्याचा क्रमही बघा. आधी ओलसर आणि मग थंडी वाढत कोरडा पडला, तर जड खाली आणि हलका वर, बरं असतं. उलट आधी भुसभुशीत पडून मग हवा गरम झाली आणि जड पडला, तर जड माणूस हलक्याच्या खांद्यावर बसल्यासारखं. आणि बर्फावर पाऊस पडला तर बाकी काही मोजत बसू नका, उतार सोडा.

वाऱ्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण पोरं इथंच चुकतात. आकाश निळं, बर्फ पडायचा थांबलेला, नुसता वारा, म्हणजे त्यांना वाटतं धोका गेला. खळ्यावर उफणणी बघितलीय ना? सूप वाऱ्यात धरलं की धान्य पायाशी आणि भुसा पलीकडं ढिगानं. वारा बर्फाला तसंच करतो. चाळकेवाडीच्या पठारावर सुटतो तसला वारा डोंगराच्या धारेवर सुटला की ज्या अंगानं वारा येतो तिथला बर्फ खरवडून तो धारेपलीकडच्या अंगाला नेऊन टाकतो. पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पट वेगानं तिथं थर चढतो, आणि हे दाणे वाऱ्यानं कुटून बारीक झालेले असल्यामुळं घट्ट स्लॅब बसतो. धारेवर पुढं झुकलेला छज्जा दिसला, की त्याच्या खालची बाजू भरलेली आहे असं समजा. त्या छज्जावर फोटो काढायला उभं राहायचं नाही. तो तुम्हाला वाटतो त्याच्या बराच मागून तुटतो. भरलेला बर्फ गुबगुबीत, गुळगुळीत दिसतो, काठी मारली तर पोकळ ढोलासारखा आवाज येतो. चालायला सगळ्यात सोपा तोच वाटतो.

उतार किती? बहुतेक स्लॅब 30 ते 45 अंशांत सुटतात, त्यातही अडतीसच्या आसपास जास्त. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा-थोडा गळत राहतो. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते, पण थंडीत बॅटरी बसते, म्हणून काठीनं मोजायला शिका. 120 सेंटीमीटरच्या दोन सारख्या काठ्या घ्या. एक उताराच्या पाठीवर टेकवून ओळंब्यात उभी धरा. दुसरी तिच्यापासून उताराकडं आडवी, पाणसळीत धरा, आणि आडवीचं टोक उताराला टेकेपर्यंत वर-खाली सरकवा. उभीवर ती 70 सेंटीमीटरला आली तर उतार 30 अंश, 85 ला आली तर 35, आणि माथ्याला आली तर 45. सत्तरच्या खाली असेल तर बसून भाकरी खायला हरकत नाही. पण वर मान करून बघा मगच बसा.

कारण तुम्ही उभे आहात तो उतार सौम्य असला म्हणजे झालं असं नाही. वरचा उतार तुमच्यापर्यंत पोचतो. 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळ माणा इथं रस्त्याच्या कामावरचे 54 जण हिमस्खलनात सापडले, आठ जण गेले. ती माणसं शिखरावर चढत नव्हती, आपल्या कॅम्पात होती. तंबू ठोकण्याआधी वर काय आहे ते बघायचं, हे चढाईइतकंच महत्त्वाचं. देवदाराच्या किंवा भोजपत्राच्या रानात वरून खाली सरळ मोकळा पट्टा दिसला, किंवा झाडांच्या वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेल्या आणि खालच्या अंगाच्या शाबूत दिसल्या, तर ती बर्फाची नेहमीची वाट आहे. आणि खाली काय आहे? अरुंद नाळ असेल तर थोडासा बर्फसुद्धा तिथं दहा फूट खोल साठतो. कडा असेल तर गुदमरायच्या आधीच माणूस संपतो.

चालताना डोळे-कान उघडे ठेवा. आजूबाजूच्या त्याच तोंडाच्या उतारावर ताजा बर्फ सुटलेला दिसला तर याहून मोठा पुरावा कुणी देणार नाही. पायाखाली 'धप्प' असा खोल आवाज येऊन आख्खी जमीन इंचभर बसल्यासारखी वाटली, तर कच्चा थर आत्ता तुमच्या खाली मोडला. सपाटीवर होता म्हणून वाचलात. बुटापासून तडे पळाले, तर वरचा व्हिडिओ आठवा. ऊन अचानक चढलं, दगडांवरून पाणी ठिबकायला लागलं, वरून बर्फाचे गोळे गरगरत यायला लागले, तर त्या अंगाचा उतार सोडायची वेळ झाली. यातलं एक जरी दिसलं तरी थर तपासायला खड्डा खणायची गरज नाही. मागं फिरा.

काही दिसलं नाही तर खड्डा. जायचंय त्याच दिशेला तोंड असलेला, तसाच पण छोटा आणि खाली सुरक्षित असलेला उतार निवडा. कमरेच्या वर खोल खणा आणि वरच्या अंगाची भिंत फावड्यानं सरळ तासा. त्या भिंतीत वरून खाली बोट फिरवा. आधी मूठ घालून बघा, जात नसेल तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. मूठ जाईल तो सगळ्यात मऊ थर. घट्टाखाली एकदम मऊ लागला की तिथं थांबा, चिमूटभर दाणे हातमोज्यावर घेऊन बघा, पिसं आहेत की साखर.

मग 30 बाय 30 सेंटीमीटरचा खांब चारी बाजूंनी मोकळा करा; मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीनं करवतासारखी कापता येते. खांबाच्या डोक्यावर फावडं पालथं ठेवा आणि हातानं थापा. पहिल्या दहा थापा मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून. दहाच्या आत तुटला तर सरळ घरी. पण आकड्यापेक्षा तुटतो कसा ते बघा. कपाटाचा खण ओढावा तसा सपाट, एकदम सरकून आला तर वाईट, मग थाप विसावी का असेना. खडबडीत, चुरा होत तुटला तर तितकं वाईट नाही. वेळ असेल तर आडवा 90 सेंटीमीटरचा खांब करून एकाच टोकावर थापा. तडा त्याच किंवा पुढच्या थापेला दुसऱ्या टोकापर्यंत पळाला, तर तो थर उतारावरही तसाच पळेल.

माझ्या दोन खड्ड्यांची गोष्ट सांगतो. एकदा लिंक पेट्रोलवर आम्ही आठ जण होतो, पुढच्या पोस्टला केरोसिन आणि घरची पत्रं पोचवायची होती. खांब चौदाव्या थापेला खणासारखा सरकला. साहेबांनी थांबवलं. दोन दिवस आम्ही आतल्या आत धुमसत बसलो, तिसऱ्या रात्री कडक थंडी पडली, पहाटे चारला एकेक करून पार झालो. उतार काही पडला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात खड्डा एकदम चांगला निघाला, तीस थापा मारून खांब जागचा हलला नाही. आम्ही खुशीत निघालो. दोनशे मीटर पुढं एका वळणाच्या आड वाऱ्यानं भरलेला गुबगुबीत पट्टा होता, तिथला थर वेगळा होता. मी छातीपर्यंत आत गेलो. आधी एक हातमोजा गेला, मग पायाखालचं सगळंच. पट्टा लहान होता म्हणून हे लिहितोय. तेव्हापासून माझा नियम एवढाच: खड्ड्यानं 'नको' म्हटलं तर ऐकायचं, आणि 'चालेल' म्हटलं तर त्याच्यावर विसंबायचं नाही. वारा, ऊन, मागचे आठवडे, वरचा-खालचा उतार, सगळे एका सुरात 'चालेल' म्हणत असतील तरच.

पार करायचंच ठरलं तर पहाटे, गोठलेल्या बर्फावर. एका वेळी एकच जण उतारावर, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून. सॅकचा कमरपट्टा सोडायचा, काठ्यांच्या दोऱ्या मनगटातून काढायच्या. प्रत्येकाच्या अंगावर चालू ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्या माणसाची जागा कळवणारं यंत्र, हवा; फौजेत आम्ही त्याला एव्हीडी म्हणायचो. 457 किलोहर्ट्झवर चालतो, मोबाइल शेजारच्या खिशात असला तर गोंधळतो. शिवाय प्रत्येकाकडं बर्फात खुपसून माणूस शोधायची सळई आणि लोखंडी फावडं. दोन फावडी सात जणांत पुरत नाहीत. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर बहुधा जगतो, अर्धा तास गेला की तिघांतला एक जेमतेम. हेलिकॉप्टर त्या वेळात येत नाही. जिथं शेवटचा दिसला त्याच्या खाली शोधायचं, आणि सळई लागली की वरून नाही, खालच्या अंगानं आडवं खणत जायचं. याचा सराव घरी करा, बांधावर, मातीत पिशवी पुरून.

पोरांनी त्या वेळी झाडीत तंबू ठोकला. सकाळी फळीवर 42 सेंटीमीटर भरल्याचा फोटो पाठवला. आणखी दोन दिवस पत्ते कुटले आणि शिखर न करता रानातल्या वाटेनं उतरली. पुतण्या घरी आला तेव्हा चहा घेता घेता म्हणाला, "तात्या, तो उतार काही पडला नाही हं." हिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आमचाही नव्हता पडला."

त्याची काठी आता आमच्या पडवीत उभी आहे. सत्तरवर लाल टेप, पंच्याऐंशीवर पिवळी. दुसरी काठी त्याच मापाची कापून आणायचं त्याच्याकडं लागलंय, अजून आणलेली नाही.